‘सभासद आहात का? हो / नाही’ : शिक्षक संघटनांवरच्या संशोधनातला एक रकाना

मागच्या सेमिस्टरला आमच्या विभागात जर्नल क्लबची पाळी माझ्यावर आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: दर पंधरवड्याला एकाने एक पेपर मांडायचा आणि बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची. माझं एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्समध्ये झालं. पीएच.डी. शिक्षणविषयक आकडेवारीतून कार्यकारणसंबंध कसा काढायचा यावर चालू आहे. त्यामुळे मी आवडीचाच पेपर घेतला. गीता किंगडन आणि फ्रान्सिस टील यांचा 2010 साली ‘जर्नल ऑफ डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्स’मध्ये आलेला हा पेपर भारतातल्या शिक्षक संघटना, शिक्षकांचा पगार आणि विद्यार्थ्यांची कामगिरी यांवर आहे. स्लाइड्स छान झाल्या होत्या. पद्धत मला पाठ होती. आणि दहाव्या मिनिटाला मागच्या बाकावरच्या एका ज्युनिअरने विचारलं, “मॅडम, सभासद म्हणजे नेमकं कोण?”

मी म्हणाले, “डमी व्हेरिएबल आहे. हो असेल तर 1, नाही असेल तर 0.”

तो म्हणाला, “ते कळलं. पण कोण?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाईट त्याचं वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की माझी आई तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. आजचा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. एका पेपरवरची टीका म्हणून सुरू होतो, पण टीका त्या एका पेपरपुरती नाही.

आधी पेपरचं श्रेय पेपरला. शिक्षक संघटनांचा मुलांच्या शिकण्यावर काय परिणाम होतो हे शोधायला गेलं की पहिली अडचण अशी, की ज्या शाळेत संघटनेचे शिक्षक जास्त आहेत त्या शाळेतली मुलंच वेगळी असू शकतात. गरीब, श्रीमंत, शिकवणी लावणारी, न लावणारी. मग गुणांतला फरक संघटनेमुळे की मुलांमुळे? किंगडन आणि टील यांनी यावर देखणा उपाय केला आहे. त्यांनी एकाच मुलाची त्याच्या स्वतःशीच तुलना केली. गणिताच्या बाई संघटनेच्या सभासद आहेत, विज्ञानाचे सर नाहीत, तर त्याच मुलीचे गणितातले आणि विज्ञानातले गुण शेजारी ठेवायचे. घर तेच, आईबाप तेच, बुद्धी तीच. याला ‘प्युपिल फिक्स्ड इफेक्ट्स’ म्हणतात. नेट-पेटची तयारी करणाऱ्यांनी हे नाव ऐकलं असेल. कल्पना एवढीच आहे: जे बदलत नाही ते वजा होऊन जातं.

निष्कर्ष असा निघाला, की सभासद शिक्षकाच्या विषयात मुलांची कामगिरी कमी पडते. पगाराच्या बाजूने पाहिलं तर संघटनेचे शिक्षक जास्त कमावतात असा पुरावा त्यांना दिसतो. म्हणजे खर्च वाढतो, शिकणं घटतं.

आता इथे थांबा. वजा काय झालं? मूल वजा झालं. शिक्षक वजा झालेला नाही. गणिताच्या बाई आणि विज्ञानाचे सर या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत आणि त्यांच्यातली एक सभासद का झाली, दुसरी का नाही, हे त्या समीकरणात कुठेच नाही. सभासदत्व हे खतासारखं नाही, की या वाफ्यात टाकलं, त्या वाफ्यात नाही टाकलं. ती त्या शिक्षकाने केलेली निवड आहे. किंवा कोणीतरी त्याच्यासाठी केलेली. आपल्यावर कारवाई होईल अशी भीती असलेला शिक्षक संरक्षणासाठी सभासद होत असेल, तर सभासदत्वाचा ‘परिणाम’ म्हणून आपण त्याचं आधीचंच दुबळेपण मोजतोय. उलट शाळेतले सर्वांत धडपडे शिक्षक संघटनेत जात असतील, तर खरा तोटा आकड्यात दिसतो त्याहून मोठा असेल. चूक कोणत्या दिशेला आहे हेसुद्धा सांगता येत नाही, आणि मला वाटतं हीच खरी अडचण. नुसती ‘सिलेक्शन बायस आहे’ असं लिहून परीक्षकाला गप्प करता येतं. पण दिशा सांगायची तर त्या निवडीच्या आत जावं लागतं.

जर्नल क्लबच्या रात्री मी आईला फोन केला.

“आई, तू संघटनेची सभासद का झालीस?”

“कोणत्या? दोन होत्या.”

हे मला माहीतच नव्हतं. एकीची पावती ती रुजू झाली त्या वर्षी केंद्रप्रमुखांसमोरच फाडली गेली. सगळ्यांनी फाडली, हिनेही फाडली. दुसरीची पावती पतपेढीच्या निवडणुकीच्या वर्षी. पॅनेलमधले सर ओळखीचे होते, घर बांधायला कर्ज हवं होतं, वर्गणी काही फार नव्हती. “अगं, नाही म्हणायला कारण लागतं. हो म्हणायला काय लागतं?” असं म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.

आता सांगा, किंगडन आणि टील यांची प्रश्नावली आईसमोर आली असती तर तिने ‘हो’ला टिचकी मारली असती. एकदाच. दोन पावत्या, एक कर्ज आणि एक केंद्रप्रमुख मिळून 1.

यानंतर मी जे वाचत सुटले ते अमेरिकेतलं होतं. ‘आपल्याकडचं सोडून तिकडचं कशाला’ असं काही जणांना वाटेल. कारण साधं आहे. आपल्याकडे सरकारी शिक्षकाचं सभासदत्व कायद्याने कधी नीट सोललंच गेलं नाही. संविधानाच्या कलम 19(1)(ग) प्रमाणे संघटना करण्याचा हक्क आहे. पण संघटनेने सर्वांच्या वतीने बसून करार करावा आणि तो सर्वांना लागू व्हावा, अशी बंधनकारक चौकट शिक्षकांना नाही. 1988 साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हे औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नाहीत असं ठरवलं, त्यामुळे ती वाटही बंद झाली. आपल्या शिक्षकांची ताकद दुसऱ्याच नळाने वाहते. विधान परिषदेतले शिक्षक मतदारसंघ हे त्याचं उत्तम उदाहरण. त्यात मत देण्यासाठी कोणत्याही संघटनेची पावती लागत नाही, माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळेत ठरावीक काळ शिकवलेलं असावं लागतं. (आणि म्हणून प्राथमिकच्या माझ्या आईला तिथे मतच नव्हतं. हे तिला अजून खुपतं.)

अमेरिकेत मात्र ‘सभासद’ या एका शब्दाचे कोर्टाने चाळीस वर्षांत तुकडे तुकडे केले. संशोधकाच्या दृष्टीने ही मेजवानीच.

तिथे ज्या राज्यांत सरकारी शाळांच्या शिक्षकांना सामूहिक वाटाघाटीचा हक्क आहे, तिथे साधारण पद्धत अशी: एका स्कूल डिस्ट्रिक्टमधल्या शिक्षकांनी बहुमताने एक संघटना निवडली, की ती सगळ्यांच्या वतीने करार करते. सभासद असो वा नसो. करारातली पगारवाढ बिगरसभासदालाही मिळते आणि त्याच्यावर अन्याय न करण्याची कायदेशीर जबाबदारी संघटनेवर येते. मग प्रश्न आलाच, की फायदा सगळ्यांना तर खर्च फक्त सभासदांनी का सोसायचा? त्यातून निघाली ‘एजन्सी फी’. तुम्ही सभासद होऊ नका, पण वाटाघाटीच्या खर्चाचा तुमचा वाटा द्या.

डेट्रॉइटच्या काही शिक्षकांनी याला आव्हान दिलं. 1977 च्या अबूड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला. वाटाघाटी आणि करार राबवण्याचा खर्च सक्तीने घेता येईल, पण संघटनेच्या राजकीय कामांसाठी विरोध असलेल्या शिक्षकाकडून पैसे घेता येणार नाहीत. मग राजकीय कुठलं आणि कामाचं कुठलं याचे हिशोब सुरू झाले. 1986 साली शिकागोच्या शिक्षक संघटनेच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं, की फी घेण्याआधी तिचा हिशोब बिगरसभासदाला दाखवावा लागेल आणि तटस्थ व्यक्तीपुढे हरकत घेण्याची सोय करावी लागेल. म्हणजे आता चार प्रकारचे शिक्षक झाले: पूर्ण सभासद, पूर्ण फी देणारा बिगरसभासद, हरकत घेऊन कमी फी देणारा बिगरसभासद, आणि ज्या राज्यांत फीला बंदी होती तिथला काहीच न देणारा. पहिल्या तिघांना लागू असलेला करार एकच असू शकतो. तुमच्या डेटाशीटमध्ये मात्र दोनच खाने.

2016 साली कॅलिफोर्नियाच्या शिक्षिका रेबेका फ्रेडरिक्स यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता आणि अबूड उलटणार असं सगळे धरून चालले होते. फेब्रुवारीत न्यायमूर्ती स्कालिया वारले. निकाल 4-4 असा अडकला आणि जुनाच नियम राहिला. दोन वर्षांनी, 27 जून 2018 रोजी, जेनस खटल्यात 5-4 ने अबूड उलटला. मार्क जेनस हे शिक्षक नव्हते, इलिनॉय राज्य सरकारात बालकांच्या पोटगीशी संबंधित खात्यात काम करत होते. पण निकाल सगळ्या सरकारी नोकरांना लागू झाला आणि त्यात शिक्षकांचा वाटा प्रचंड. त्यांच्याकडून महिन्याला 44.58 डॉलर कापले जायचे, पूर्ण वर्गणीच्या सुमारे 78 टक्के.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती अलिटो यांनी लिहिला. खरं सांगायचं तर वाचायला घेतला तेव्हा मी ठरवूनच बसले होते, की हा संघटना मोडायचा बहाणा आहे. ‘फुकटात फायदा घेणारे’ हा प्रश्न त्यांनी ज्या झटक्यात बाजूला सारला तो मला आजही पटत नाही. त्या बाबतीत न्यायमूर्ती केगन यांचं विरोधी मत जास्त जमिनीवर आहे: देशभरातले हजारो करार, वीसेक राज्यांचे कायदे त्या एका नियमावर उभे होते. पण अलिटो यांचा दुसरा मुद्दा मला झटकता आला नाही. सरकारशी वाटाघाटी करणारी संघटना जे मागते, म्हणजे पगार किती, बढती सेवाज्येष्ठतेवर की कामगिरीवर, नोकरीतून काढायचं कसं, हे सगळं सार्वजनिक धोरणच आहे. अबूडने ‘कामाचं’ आणि ‘राजकीय’ अशी जी रेघ ओढली होती ती सरकारी शाळेत धड ओढताच येत नाही. ज्या शिक्षिकेला कामगिरीनुसार पगार हवाय तिच्याच पैशातून तिच्याविरुद्ध बाजू मांडली जात असेल, तर तिची तक्रार खोटी नाही. तुम्ही कोणत्याही बाजूचे असा, दोन्ही मतं पूर्ण वाचा. बातम्यांवर जाऊ नका.

आपल्या कामाचा भाग पुढे आहे. जेनसमध्ये न्यायालयाने फक्त फी बंद केली नाही. शिक्षकाने स्पष्ट होकार दिल्याशिवाय त्याच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत असं सांगितलं. म्हणजे गप्प राहणं हे आता ‘नाही’ धरलं जाईल. आधी फी लागू असलेल्या ठिकाणी गप्प राहणाऱ्याचे पैसे कापले जात होते. माणूस तोच, त्याचं गप्प राहणंही तेच, पण ते कोणत्या रकान्यात पडतं ते बदललं.

आणि हे सगळीकडे सारखं बदललं असंही नाही. न्यू जर्सीने 2018 मध्येच कायदा करून ठेवला, की एकदा होकार दिला असेल तर वर्गणीची कपात थांबवायला नोकरीला लागल्याच्या तारखेच्या वार्षिक दिवसानंतरच्या दहा दिवसांतच कळवायचं. ते दहा दिवस चुकले तर वर्षभर वर्गणी चालूच. अशा मुदतींना कोर्टात आव्हान दिलं गेलं, आणि वॉशिंग्टन राज्यातल्या नोकरांच्या 2020 च्या खटल्यात अपील न्यायालयाने संघटनेची बाजू घेतली: सही तुम्हीच केली होती, आता करार पाळा. म्हणजे तिथे गप्प राहणं म्हणजे ‘हो’. आता उलटं टोक बघा. विस्कॉन्सिनच्या 2011 च्या अ‍ॅक्ट 10 नुसार संघटनेला दरवर्षी मतदान घेऊन आपली मान्यता टिकवावी लागते, आणि तीही मतदान केलेल्यांच्या नाही, तर युनिटमधल्या एकूण शिक्षकांच्या 51 टक्के मतांनी. मत द्यायला न गेलेला शिक्षक आपोआप विरोधात मोजला जातो.

आता कोणी तुम्हाला आकडा दाखवेल, की जेनसनंतर अमुक राज्यात सभासदसंख्या टिकली, म्हणजे शिक्षकांना संघटना हवीच होती. दुसरा दुसऱ्या राज्याचा दाखवेल, घसरली, म्हणजे सक्तीनेच टिकली होती. दोघांनाही एकच प्रश्न विचारा: तिथे गप्प बसलेल्यांना कुठे मोजलंय? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय सभासदसंख्या हा कौल म्हणून वाचताच येत नाही. आणि एक साधा सापळा: काही जुन्या आकडेवारीत फी देणारे बिगरसभासदही एकूण संख्येत धरलेले असतात. जेनसच्या दुसऱ्या दिवशी ते कायद्यानेच शून्य झाले. एकाही शिक्षकाने मन न बदलता आलेखात कडा तयार होतो.

उलट बाजूनेही हा रकाना फसवतो. 2018 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या शिक्षकांनी संप केला. त्या राज्यात त्यांना सामूहिक वाटाघाटीचा हक्क नव्हता, सक्तीची फी नव्हती, संप कायदेशीर नव्हता. कागदावर याहून कमजोर संघटना सापडणार नाही. तरी सगळ्या 55 काउंटींतल्या शाळा बंद झाल्या आणि शेवटी 5 टक्के पगारवाढ मिळाली. गंमत म्हणजे 26 फेब्रुवारीला वॉशिंग्टनमध्ये जेनस खटल्याचा युक्तिवाद चालू होता तेव्हा हा संप ऐन भरात होता. कोर्टात पैशाबद्दल भांडण चाललं होतं आणि तिकडे पैशाची सक्ती कधीच नसलेले शिक्षक रस्त्यावर होते. शिक्षक आणि संघटना यांच्यात जे काही असतं त्यातलं वर्गणी किती पकडते, हे मला त्यानंतर खरंच सांगता येईना.

मग संशोधक काय करतात? हुशार संशोधक माणसाची निवड मोजायचा नाद सोडतात आणि कायद्यातला बदल मोजतात. विस्कॉन्सिनवर त्यामुळे पेपरांचा पाऊस पडला आहे. युक्ती अशी: अ‍ॅक्ट 10 आला तेव्हा काही डिस्ट्रिक्टचे जुने करार चालू होते आणि ते वेगवेगळ्या तारखांना संपणार होते. त्या तारखा कायदा येण्याआधीच ठरलेल्या होत्या. म्हणजे कोणता डिस्ट्रिक्ट आधी बदलणार, कोणता नंतर, हे जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखं झालं. कराराची शेवटची तारीख हा नैसर्गिक प्रयोग. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जाम आवडलं होतं, आजही आवडतं.

पण निष्कर्ष शेजारी ठेवून पाहा. जेसन बॅरन यांच्या 2018 च्या पेपरात संघटना कमजोर झाल्यावर विद्यार्थ्यांचे चाचणीतले गुण घसरलेले दिसतात. बार्बरा बियासी यांच्या 2021 च्या पेपरात, ज्या डिस्ट्रिक्टनी सेवाज्येष्ठतेची पगारश्रेणी सोडून शिक्षकागणिक पगार ठरवायला सुरुवात केली, तिकडे चांगले शिक्षक वळले आणि तिथलं शिकवणं सुधारलं. बियासी आणि हेदर सार्सन्स यांच्या 2022 च्या पेपरात, पगार असा लवचीक झाल्यावर स्त्री आणि पुरुष शिक्षकांच्या पगारात आधी नसलेली दरी पडू लागली, आणि त्यामागे एक कारण पगारासाठी घासाघीस करण्यातला फरक हे आहे. कायदा एक, राज्य एक, युक्तीही जवळपास एक.

हे तिघे एकमेकांना खोटं पाडत नाहीत. ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात आणि वर्तमानपत्रं तिन्हींना ‘संघटना कमजोर केल्याचा परिणाम’ म्हणतात. अ‍ॅक्ट 10 ने एका फटक्यात काय काय केलं बघा: वाटाघाटी फक्त मूळ पगारापुरत्या आणि तीही वाढ महागाईच्या दरापर्यंतच, पगारातून वर्गणीची कपात बंद, सक्तीची फी बंद, दरवर्षी मान्यतेचं मतदान, आणि वर पेन्शन व आरोग्यविम्यात शिक्षकाचा वाटा वाढवल्यामुळे हातात येणारा पगार कमी. यातल्या कोणत्या तुकड्याने गुण घसरले? संघटनेचा आवाज गेला म्हणून, की पगार कापला म्हणून अनुभवी शिक्षक निघून गेले म्हणून? करार संपायच्या तारखेवरून हे वेगळं काढता येत नाही, कारण बरेचसे तुकडे त्याच तारखेला एकत्र पडतात. प्रयोग स्वच्छ आहे, पण बाटलीत औषधं पाच आहेत. तिघांतला सर्वांत प्रामाणिक पेपर मला बियासींचा वाटतो, कारण त्या ‘संघटना’ या शब्दामागे लपत नाहीत. पगार ठरवायची पद्धत बदलली, एवढंच म्हणतात आणि तेवढंच मोजतात.

मोजमापाचा मुद्दा जुना आहे. कॅरोलाइन हॉक्सबी यांच्या 1996 च्या गाजलेल्या पेपरात संघटनांमुळे शाळांवरचा खर्च वाढतो आणि शाळा सोडणाऱ्यांचं प्रमाणही वाढतं असं निघालं होतं. तेरा वर्षांनी मायकेल लोव्हेनहाइम यांनी आयोवा, इंडियाना आणि मिनेसोटातल्या डिस्ट्रिक्टमध्ये संघटनेला मान्यता नेमकी कधी मिळाली याच्या तारखा कागदपत्रांतून शोधून काढल्या. त्या तारखा लावल्यावर पगारावरचा आणि गळतीवरचा परिणाम सापडेना. त्यांचं म्हणणं असं, की हॉक्सबींनी वापरलेल्या सरकारी गणनेत कोणता डिस्ट्रिक्ट संघटित आहे हीच नोंद बऱ्याच ठिकाणी चुकीची होती. हॉक्सबींचा पेपर मी एम.एस्सी.ला ‘इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल’चं उदाहरण म्हणून शिकले होते. इन्स्ट्रुमेंटवर दोन तास चर्चा झाली. रकाना कोणी भरला यावर दोन मिनिटंही नाही.

तर मग किंगडन आणि टील यांच्या पेपरचं काय? तो टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. भारतातल्या शिक्षक संघटनांवर संख्यात्मक काम इतकं थोडं आहे, की हा पेपर नसता तर आज वाद घालायलाही काही नसतं. किंगडन यांनी मोहम्मद मुझम्मिल यांच्यासोबत उत्तर प्रदेशातल्या शिक्षक-राजकारणावर केलेलं आधीचं काम तर मी प्रत्येकाला वाचायला सांगेन. त्यात संघटनेची ताकद विधिमंडळातून कशी येते हे सविस्तर आहे. माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. ज्या लेखिकेला माहीत आहे की आपल्याकडे संघटनेची ताकद वर्गणीच्या पावतीतून येत नाही, तिच्याच दुसऱ्या पेपरात सगळा भार पावतीवर. संघटनेने विधान परिषदेतून मिळवलेलं संरक्षण सभासद आणि बिगरसभासद दोघांनाही सारखंच मिळत असेल, तर एकाच शाळेतल्या सभासद आणि बिगरसभासदाची तुलना करून संघटनेचा परिणाम निघणारच नाही. तो दोन्हीकडे असल्यामुळे वजा होऊन जाईल. उरेल तो ‘सभासद होणाऱ्या माणसांतला’ फरक. पेपरचा निष्कर्ष असा लिहिला असता तर मला काही म्हणायचं नव्हतं. पण ‘संघटनांमुळे मुलं कमी शिकतात’ हे वाक्य धोरणाच्या टेबलावर गेलं की त्याचं पुढे काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. आणि तिथे तीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बाईचा संघटनेत असण्याचा किंवा नसण्याचा हक्क कोणी विचारात घेत नाही. तिची टिचकी तेवढी घेतात.

हे सगळं मी माझ्या गाईड मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, “तुझ्या तिसऱ्या प्रकरणाचं काय मग?” कारण माझ्या सिनॉप्सिसमध्ये लिहिलेलं तिसरं प्रकरण नेमकं हेच होतं: जिल्हा परिषद शिक्षकांचं सभासदत्व आणि रजेचे दिवस. हो / नाही. आरआरसीने मंजूर केलेलं. ते बदलायचं म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा प्रेझेंटेशन, फेलोशिपच्या शेवटच्या वर्षात. दोन दिवस मी ‘लिमिटेशन्स’मध्ये एक परिच्छेद टाकून वेळ मारून न्यायचा विचार केला. इथे लिहायला लाज वाटते, पण केला.

मग प्रश्नावली पुन्हा लिहायला घेतली. आता एका प्रश्नाचे सात झाले आहेत. किती संघटनांची पावती आहे. पहिली कोणासमोर फाडली. वर्गणी स्वतः देता की कोणी गोळा करतं. नाही म्हणाला असता तर कोणाला उत्तर द्यावं लागलं असतं. बदलीच्या वेळी, वेतननिश्चितीच्या वेळी, पतपेढीत संघटनेचा उपयोग झाला का. कधी सोडलीत का. सोडायची असेल तर काय करावं लागतं ते माहीत आहे का.

मसुदा आईला वाचून दाखवला. सातव्या प्रश्नावर ती थांबली. म्हणाली, “सोडायची असते होय?” मग बराच वेळ काही बोलली नाही. मी तिचं उत्तर लिहून घ्यायला पेन उघडलं, तर म्हणाली, “हे नको लिहूस. यात माझ्यासारख्यांसाठी खानाच नाही.” तिचं बरोबर होतं. ‘हो’, ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ एवढेच पर्याय मी ठेवले होते. चौथा काय असावा यावर आम्ही दोघी अजून भांडतोय, आणि आरआरसीची तारीख पुढच्या महिन्यात आहे.